ठरलेली वेळ : ख्रिस्ती नित्यप्रार्थनेच्या अभ्यासाची प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मजीवनात प्रार्थनेची दोन रूपे आरंभापासून शेजारी शेजारी नांदत आली आहेत. मंडळीने एकत्र जमून ठरलेल्या विधीप्रमाणे करावयाची उपासना हे पहिले रूप. तिची वेळ, जागा आणि शब्द बहुधा आधीच निश्चित असतात, आणि रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजली की भाविकाला केवळ तेथे जाऊन उभे राहावे लागते. दुसरे रूप दररोजच्या खाजगी प्रार्थनेचे. तिच्यासाठी वेळ काढणे, जागा शोधणे आणि मन लावणे या तिन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्यावर सोपवलेल्या असतात, आणि म्हणून तीच आधी मोडते. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हे दुसरे रूप आहे. नोकरी, शेती, स्वयंपाक, मुलेबाळे, आजारपण, प्रवास यांनी भरलेल्या दिवसात देवासमोर शांतपणे बसण्याची वेळ ख्रिस्ती माणसाने कशी काढली, तिला कोणता आकार दिला आणि त्या आकारामागे प्रार्थनेची कोणती समजूत होती, याचा हा अभ्यास आहे.

या विषयावरील लोकप्रिय लेखनात एक गृहीतक सहसा तपासले जात नाही. खरी प्रार्थना मठात किंवा अरण्यात होते, संसारी माणसाच्या वाट्याला तिची पातळ आवृत्ती येते आणि यंत्रयुगाने तीही हिरावून घेतली, असे ते गृहीतक. इतिहासाचा पुरावा याला फारसा अनुकूल नाही. वेळ मिळत नाही ही तक्रार ख्रिस्ती परंपरेइतकीच जुनी आहे. आणि तिच्यावर जे उपाय टिकले ते बहुतांशी हातांनी कष्ट करणाऱ्यांनी किंवा त्यांच्यासाठी घडवलेले आहेत. त्या उपायांत निःशब्दता आणि लांबी यांना वाटते तेवढे महत्त्व नाही; वेळ ठरलेली असण्याला मात्र फार आहे.

शुभवर्तमानांपासूनच आरंभ करणे इष्ट. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू कफर्णहूम गावी दिवसभर शिकवतो, सूर्यास्तानंतर सारे गाव आपापले आजारी घेऊन दाराशी लोटते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, काळोख असतानाच, तो उठून एका निर्जन जागी प्रार्थनेला जातो. हा प्रसंग प्रवचनांतून इतका सांगितला गेला आहे की त्याच्या लगेच पुढचे वाक्य दुर्लक्षिले जाते. शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत तेथे पोहोचतात, लोक वाट पाहत आहेत असे सांगतात, आणि एकांत तेथेच संपतो. सहाव्या अध्यायात तर तेवढाही मिळत नाही. जेवायलाही सवड न उरलेल्या शिष्यांना घेऊन येशू नावेने एकांतस्थळी निघतो, पण जमाव पायवाटेने धावत जाऊन त्यांच्या आधी तेथे हजर होतो, आणि विश्रांतीसाठी योजलेला तो दिवस शिकवण्यात व हजारोंना जेवू घालण्यात जातो. सायंकाळी शिष्यांना नावेत बसवून, जमावाला निरोप देऊन तो डोंगरावर प्रार्थनेला जातो. शुभवर्तमानांतील एकांत असा गर्दीच्या दोन लाटांमधला आहे. तो मोडतो, आणि मोडल्यावर पुन्हा काढला जातो. आदर्श म्हणून त्याकडे पाहायचे असेल तर त्याचे मोडणेही आदर्शात धरले पाहिजे.

आद्य ख्रिस्ती मंडळीला दिवसाच्या ठरलेल्या वेळा यहुदी परंपरेतून मिळाल्या. दानीएल दिवसातून तीनदा यरुशलेमेच्या दिशेच्या खिडकीशी गुडघे टेकीत असे. स्तोत्रसंहितेत सायंकाळ, सकाळ व दुपार यांचा उल्लेख आहे, तर ११९व्या स्तोत्रात दिवसातून सात वेळा स्तुती करण्याचा. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र आणि योहान नवव्या तासाला, म्हणजे दुपारी सुमारे तीन वाजता, प्रार्थनेसाठी मंदिरात जाताना दिसतात. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या ‘डिडाखे’ या छोट्या शिक्षणग्रंथात प्रभूची प्रार्थना दररोज तीन वेळा म्हणावी, एवढीच सूचना आहे. ती कोठे म्हणावी, किती वेळ बसावे, मन कसे एकाग्र करावे, यांविषयी अक्षर नाही. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा लेखक टर्टुलियन याने दोनशेच्या सुमारास तिसरा, सहावा आणि नववा या तीन तासांचे समर्थन करताना दिलेले कारण या अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचे आहे. हे तास नगराच्या व्यवहारात आधीच ठळक होते, कामकाजाचा दिवस त्यांनी विभागला जाई आणि ते सार्वजनिकरीत्या पुकारले जात. म्हणजे बाजार व कचेरी ज्या खुणांवर चालत, त्याच खुणांना प्रार्थना बांधली गेली. व्यवहारापासून तोडलेला वेगळा काळ शोधण्याऐवजी व्यवहाराच्याच सांध्यांत जागा करून घेण्याची ही रीत पुढे अनेक रूपांत परत येते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात गेलेल्या तपस्व्यांनी मात्र नगरच सोडले, आणि यंत्रयुगाविषयीच्या गृहीतकाची खरी कसोटी तेथे लागते. शांततेची वाण नसलेल्या त्या प्रदेशात प्रार्थना सोपी झाली का? तेथील सर्वांत सूक्ष्म निरीक्षक एव्हाग्रियस याने ‘अकेडिया’ नावाच्या विकाराचे वर्णन केले आहे. अकेडिया म्हणजे प्रार्थनेचा आणि त्या जागेचाच येणारा वीट. केवळ आळस म्हटल्याने तिचा अर्थ पुरा होत नाही, कारण तिच्यात अस्वस्थपणा अधिक असतो. भर दुपारी हा विकार जडलेल्या तपस्व्याला सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते, तो पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर पाहतो, नवव्या तासाला किती अवकाश आहे हे मोजतो, कोणी बंधू भेटायला येतो आहे का याचा कानोसा घेतो, आणि दुसऱ्या एखाद्या ठिकाणी साधना अधिक चांगली होईल असे त्याला वाटू लागते. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या वर्णनात हातातल्या मोबाइलखेरीज आजच्या चंचल वाचकाचे काही उणे नाही. अँटनी हा या तपस्व्यांचा आद्य पुरुष मानला जातो, आणि वाळवंटातील वचनांच्या संग्रहात त्याच्या नावावरचा पहिलाच प्रसंग अकेडियाचा आहे. त्रस्त झालेल्या अँटनीला आपल्यासारखाच एक मनुष्य दिसतो, जो बसून दोर वळतो, मग उठून प्रार्थना करतो, पुन्हा बसून दोर वळतो आणि पुन्हा उठतो. हेच कर म्हणजे तरशील, असे त्याला सांगितले जाते. त्याच संग्रहात अँटनीला कळते की त्याच्या तोडीचा एक पुरुष शहरात राहतो. तो व्यवसायाने वैद्य आहे, गरजेपुरते ठेवून उरलेले गरिबांना देतो आणि रोज देवदूतांसह देवाच्या पावित्र्याचे स्तोत्र गातो. वाळवंटाच्या परंपरेने स्वतःच्या संस्थापकाविषयी ही कथा जपून ठेवली, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

याच वाळवंटात शिकून पुढे दक्षिण फ्रान्समध्ये स्थिरावलेल्या जॉन कॅसियनने सत्तराव्या स्तोत्राच्या आरंभीचा साहाय्याची याचना करणारा एकच चरण दिवसभर, काम करताना, चालताना, झोपी जाताना मनात घोळवत राहण्याची रीत नोंदवली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत हीच प्रवृत्ती ‘येशू-प्रार्थने’च्या रूपाने वाढली. येशूचे नाव घेऊन दयेची याचना करणारे एक लहान वाक्य श्वासाच्या लयीत पुनःपुन्हा उच्चारणे, असे तिचे स्वरूप आहे. नामस्मरणाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटणार नाही. मात्र येथे भर नामाच्या सामर्थ्याइतकाच दयेच्या याचनेवर आहे, हा फरक ध्यानात ठेवावा.

सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील माँते कासिनो येथे बेनेडिक्टने लिहिलेली नियमावली ही पाश्चात्त्य मठजीवनाची घटना मानली जाते. तिच्यात रात्रीची एक आणि दिवसाच्या सात अशा प्रार्थनांच्या वेळा आहेत, दीडशे स्तोत्रे आठवड्यात पूर्ण व्हावीत अशी वाटणी आहे, आणि या साऱ्या क्रमाला ‘देवाचे काम’ असे नाव आहे. पुढे यालाच प्रहर-प्रार्थना म्हटले जाऊ लागले. या नियमावलीची कीर्ती तिच्या कडक वेळापत्रकामुळे झाली. पण प्रस्तुत विषयासाठी तिच्यातील तीन छोटी प्रकरणे अधिक बोलकी आहेत. अठ्ठेचाळिसावे प्रकरण दिवसाची वाटणी हातांचे काम आणि पवित्र वाचन यांत करते. ऋतूप्रमाणे वेळा बदलतात आणि कापणीच्या दिवसांत मठवासीयांना स्वतः शेतात राबावे लागले तर त्यांनी खिन्न होऊ नये, असे ते बजावते. विसावे प्रकरण प्रार्थना थोडकी आणि शुद्ध असावी असे सांगते. पन्नासावे प्रकरण दूरवर काम करणाऱ्यांविषयी आहे: ज्यांना ठरलेल्या वेळी प्रार्थनामंदिरात पोहोचता येत नाही त्यांनी जेथे काम चालले आहे तेथेच गुडघे टेकून देवाचे काम पार पाडावे, आणि प्रवासात असलेल्यांनीही वेळ चुकवू न देता जमेल तसे करावे. जागा सुटली तरी चालेल, वेळ सुटू नये, असा या प्रकरणाचा अर्थ होतो. मठाच्या भिंतीआडून लिहिलेला हा मजकूर उपनगरी गाडीतून कामावर जाणाऱ्या माणसाला जितका उपयोगी आहे, तितका त्याच्यासाठी म्हणून लिहिलेल्या पुष्कळ पुस्तिकांतही सापडत नाही.

बेनेडिक्टच्या ‘पवित्र वाचना’ला, म्हणजे लेक्सिओ दिव्हिनाला, बाराव्या शतकात कार्थुसियन मठाधिपती दुसरा ग्विगो याने चार पायऱ्यांत मांडले: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थना त्याचा रस काढते आणि ध्यान म्हणजे ती गोडीच, असा त्याचा दाखला आहे. मराठी ख्रिस्ती बोलीत मनन, चिंतन आणि ध्यान हे शब्द एकमेकांऐवजी सर्रास येतात. या ग्रंथात मात्र ते ग्विगोच्या क्रमानुसार वेगळे ठेवले आहेत. मनन म्हणजे वाचलेल्या वचनावर बुद्धीने व स्मरणाने केलेले काम; ध्यान म्हणजे ते काम थांबल्यावर देवाच्या सान्निध्यात केवळ असणे.

मठाच्या वेळा मठाबाहेर कशा आल्या याचा इतिहास लांब आहे आणि त्याचा तपशील पुढे येईल. मध्ययुगाच्या उत्तरार्धात सामान्य भाविकांसाठी ‘तासांची पुस्तके’ तयार झाली, आणि दिवसातून तीनदा वाजणाऱ्या घंटेबरोबर म्हणावयाच्या ‘एंजलस’ या मरीयेच्या प्रार्थनेने शेतातल्या माणसालाही प्रहरांशी जोडले. धर्मसुधारणेच्या काळात मठ अनेक ठिकाणी बंद पडले, पण वेळा बंद पडल्या नाहीत. इंग्लंडमध्ये थॉमस क्रॅन्मर याने १५४९च्या ‘सामान्य प्रार्थनापुस्तका’त आठ वेळांचा संक्षेप करून सकाळ आणि सायंकाळ अशा दोनच ठेवल्या, त्या लोकभाषेत आणल्या आणि १५५२च्या आवृत्तीत त्यांच्यासाठी गावच्या चर्चची घंटा वाजवण्याची जबाबदारी पाळकावर टाकली. जर्मनीत मार्टिन लूथरने १५३५ साली विटेनबर्गमधील पेटर नावाच्या आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेची साधी रीत सांगणारी पुस्तिका लिहिली. सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम प्रार्थना असावे. थोडे थांबू, आधी हे एवढे काम उरकू, या विचारापासून सावध राहावे, कारण एका कामातून दुसरे निघते आणि दिवस तसाच सरतो, असा तिचा उपदेश आहे. एकाग्रतेचे उदाहरणही लूथर त्या न्हाव्याच्याच धंद्यातून घेतो: वस्तरा चालवताना ज्याचे लक्ष गप्पांत किंवा भलतीकडे जाईल तो गिऱ्हाइकाचे नाक किंवा गळाही कापील. धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने कारागिराला त्याच्या हत्यारावरून प्रार्थना शिकवावी, हे या पुस्तिकेचे खरे वैशिष्ट्य. तिच्यातील दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना यांवरील विवेचन त्या मानाने नेहमीचे आहे.

कॅथलिक बाजूला याच शतकात लोयोलाचे इग्नेशियस यांनी ‘आध्यात्मिक साधना’ रचल्या. १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या या पुस्तकाचा पूर्ण क्रम सुमारे तीस दिवसांच्या एकांतवासाचा आहे. पण आरंभीच्या सूचनांपैकी एकोणिसावी सूचना सार्वजनिक कामात गुंतलेल्या माणसाला हाच क्रम घरी राहून, रोज दीड तास देऊन, अधिक काळात पुरा करण्याची मोकळीक देते. त्याहून व्यापक प्रसार ‘एक्झामेन’चा, म्हणजे दिवसाच्या आत्मपरीक्षणाचा, झाला. झालेल्या कृपांबद्दल आभार, पाहण्यासाठी प्रकाशाची याचना, तासामागून तास दिवसाची उजळणी, चुकांबद्दल क्षमायाचना आणि उद्याचा निर्धार असा त्याचा पाच टप्प्यांचा क्रम आहे. त्याला पुस्तक लागत नाही, अर्धा-पाऊण तासही लागत नाही. आणि ज्या गडबडीमुळे प्रार्थना राहिली असे वाटते, ती गडबडच येथे प्रार्थनेचा विषय होते. पुढे १६०९ साली फ्रान्सिस द सेल्स यांनी ‘भक्तिजीवनाची ओळख’ या ग्रंथात भक्ती ही सैनिक, कारागीर, दरबारी आणि विवाहित स्त्री-पुरुष यांच्या जीवनातून हद्दपार करणे चूक आहे, आणि प्रत्येकाच्या शक्तीला व कामाला साजेल असे तिचे रूप असावे, हे आग्रहाने मांडले.

या परंपरेतील सर्वांत लोकप्रिय आणि कदाचित सर्वांत चुकीचे वाचले गेलेले नाव ब्रदर लॉरेन्स यांचे. लोरेन प्रांतात जन्मलेला हा तरुण तीस वर्षांच्या युद्धात सैनिक होता. १६४० साली तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात सेवक-बंधू म्हणून दाखल झाला, स्वयंपाकाची मनापासून नावड असताना अनेक वर्षे मुदपाकखान्यात राबला, आणि पुढे चपला शिवण्याच्या कामावर गेला. दारू खरेदीसाठी त्याला बर्गंडीला पाठवले जाई, तेव्हा पाय अधू असल्याने होडीत पिंपांवरून लोळतच सरकावे लागे. १६९१ साली त्याच्या मृत्यूनंतर त्याची पत्रे आणि संभाषणे प्रसिद्ध झाली. कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत आपल्याला फरक उरला नाही, भांड्यांच्या खडखडाटातही देवाचे सान्निध्य गुडघे टेकल्याइतकेच लाभते, हे त्यातील सार जगभर पोहोचले. आणि त्यावरून वेगळी वेळ काढण्याची गरजच नाही, काम हीच प्रार्थना, असा सोयीस्कर निष्कर्ष अनेकांनी काढला. पण लॉरेन्स दिवसभर मठाच्या घंटेखाली जगत होता. ठरलेल्या प्रार्थनावेळा तो पाळत असे, आणि पहिली सुमारे दहा वर्षे आपल्याला फार क्लेश झाले असे त्याने स्वतःच सांगितले आहे. ठरलेल्या वेळेने घडवलेले मन मुदपाकखान्यात नेणे आणि ठरलेली वेळच टाकून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली लॉरेन्सची, दुसरी त्याच्या घाईच्या वाचकांची.

वेळ ठरवण्याचा अधिकार सर्वांना सारखा नसतो, याकडे या विषयावरील जुन्या लेखनाने बहुधा डोळेझाक केली. लूककृत शुभवर्तमानात मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकते आणि तिची बहीण मार्था पाहुणचाराच्या कामाने हैराण होते. शतकानुशतके मरीया ही ध्यानाची व मार्था ही कर्माची प्रतिमा ठरून मार्थेला दुय्यम स्थान मिळाले. घरात चूल कोणी पेटवायची हा प्रश्न मात्र अशा प्रवचनांत सहसा निघत नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभीचा जर्मन धर्मोपदेशक माइस्टर एकहार्ट याने एका प्रवचनात उलट मार्थेलाच अधिक परिपक्व ठरवले, आणि सोळाव्या शतकात आविलाच्या तेरेसा यांनी मार्था व मरीया यांनी एकत्रच राहिले पाहिजे, नाहीतर प्रभूला जेवायला कोण वाढणार, असा सरळ सवाल केला. संसारी स्त्रीचा शांत तास हा घरातील इतरांनी काम वाटून घेतल्याशिवाय निघत नाही. त्यामुळे कुटुंबात प्रार्थनेला वेळ देणे हा केवळ वैयक्तिक निग्रहाचा प्रश्न उरत नाही. तो न्यायाचाही आहे.

आधुनिक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘क्वायट टाइम’ या नावाने परिचित असलेली रीत, म्हणजे सकाळी एकट्याने बसून शास्त्रपाठ वाचणे, मनन करणे आणि प्रार्थना करणे, ही एकोणिसाव्या शतकातील इव्हँजेलिकल चळवळींतून दृढ झाली. तिच्या आधी जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन बंधूंनी १७३१पासून दर दिवसाला एक वचन नेमून देणारे छापील पुस्तक सुरू केले होते, आणि ते आजही दरवर्षी निघते. या रीतीने बायबल घराघरांत वाचले गेले हे तिचे मोठे श्रेय. तिची उणीव अशी की प्रार्थना एकट्याची झाली, आणि एकट्याचा नेम चुकला की सावरायला शेजारी कोणी उरत नाही. हेर्नहूटच्या बंधूंचे वचन सगळी वसाहत त्या दिवशी एकच वाचत असे, ही गोष्ट नंतरच्या अनुकरणात विसरली गेली.

महाराष्ट्र आणि गोवा येथील ख्रिस्ती परंपरेने या उणिवेला स्वतःचे उत्तर दिलेले आहे, आणि मराठी ग्रंथात त्याची दखल विस्ताराने घेणे क्रमप्राप्त आहे. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रथम छापले गेले. ओवीबद्ध असल्यामुळे ते एकट्याने मुक्याने वाचण्याचे पुस्तक नव्हते. ते समुदायात मोठ्याने म्हणायचे आणि ऐकायचे होते. वसईच्या कॅथलिक घरांत सायंकाळी कुटुंबाने एकत्र बसून म्हणावयाची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, ही याच जातीची. गोव्यात तिला तेर्स म्हणतात. मण्यांगणिक तेच शब्द फिरत राहतात, लहान मुले पेंगतात, आजी पुढचे रहस्य सांगते. ‘रहस्य’ म्हणजे येशू व मरीया यांच्या जीवनातील एकेक प्रसंग, ज्याचे स्मरण दर दहा मण्यांमागे करावयाचे असते. बाहेरून पाहणाऱ्याला यात शांतता दिसणार नाही, पण वेळ ठरलेली आहे, शब्द ठरलेले आहेत आणि कोणाही एकाच्या मनःस्थितीवर काही अवलंबून नाही, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. दूरदर्शन-मालिकांच्या वेळेशी तिची टक्कर सुरू झाली तेव्हा अनेक घरांत रोझरी हरली, हेही नमूद केले पाहिजे.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हेच काम गायनाने केले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीतांच्या जागी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून त्यांची रचना अहमदनगर-सोलापूरच्या खेड्यापाड्यांत पोहोचली, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही पाठ म्हणता येईल अशी प्रार्थना मिळाली. तुकारामांचे ऋण टिळकांनी मोकळेपणाने मानले आहे. केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ति सदनात तर प्रार्थना आणि श्रम यांची जोडी बेनेडिक्टची आठवण करून देणारी होती: शेती, विणकाम, छपाई यांच्या बरोबरीने दिवसाच्या प्रार्थना चालत, आणि १९०५मध्ये तेथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीत शेकडो मुली व स्त्रिया एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करीत. परित्यक्त आणि दुष्काळातून वाचलेल्या त्या स्त्रियांना देवासमोर आवाज सापडणे अधिक निकडीचे होते, आणि शांततेचा उपदेश त्यांना करणे हा क्रूरपणाच ठरला असता.

निःशब्द ध्यानाकडे वळण्याचा प्रयत्नही याच भूमीत झाला. मुंबईत जन्मलेले जेजुइट अँथनी डी मेलो यांनी पुण्यात ‘साधना’ ही संस्था काढली, पुढे ती लोणावळ्याला नेली, आणि १९७८ साली ‘साधना’ याच नावाच्या पुस्तकात श्वासाकडे, शरीराच्या संवेदनांकडे व भोवतालच्या आवाजांकडे लक्ष देण्याचे अभ्यास ख्रिस्ती प्रार्थनेच्या पूर्वतयारीसाठी मांडले. भोवतालचा आवाज हा अडथळा न मानता त्यालाच अवधानाचा विषय करणे, ही त्यातील सूचना शहरी वाचकाला विशेष उपयोगी आहे. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९८ साली, व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्तविषयक मंडळाने त्यांच्या काही लेखनाविषयी सावधगिरीची सूचना प्रसिद्ध केली. देवाचे व्यक्तिरूप आणि येशूचे अनन्यत्व त्यात धूसर होते, असा आक्षेप होता. हा आक्षेप मुख्यतः उत्तरकालीन लेखनाला लागू पडतो; ‘साधना’तील बहुतेक अभ्यास इग्नेशियसच्या चौकटीत बसतात, असे या ग्रंथाचे मत आहे आणि त्याची कारणे संबंधित प्रकरणात दिली आहेत.

राहता राहिला आजचा दिवसक्रम. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याचा रोजचा तीनेक तासांचा वेळ गाडीत जातो; एका खोलीच्या घरात दार लावून घेण्यासाठी दारच वेगळे नसते; पाळीत काम करणाऱ्या परिचारिकेची सकाळ आठवड्यागणिक बदलते. अशांना पहाटे उठून तासभर बसा असे सांगणारी पुस्तके अपराधीपणा तेवढा वाढवतात. तासाची अट परंपरेतही सर्वांना नव्हती, हे वर दाखवलेच आहे. परंपरेने मागितली ती खूण: घंटा, तिसरा तास, कामाचा आरंभ, दिवे लागणे, झोपण्यापूर्वीची उजळणी. पाळी बदलणाऱ्या परिचारिकेला घड्याळातली वेळ ठरवता येत नसली तरी गणवेश चढवण्यापूर्वीची पाच मिनिटे ठरवता येतात, आणि प्रवाशाला एखादे स्टेशन. मोबाइलवर बायबल आणि प्रहर-प्रार्थना दोन्ही उपलब्ध आहेत. पण ज्या यंत्रातून कार्यालयाचे संदेश येतात त्याच यंत्रावर शास्त्रपाठ वाचणे अवघड जाते हा बहुतेकांचा अनुभव असल्याने छापील पुस्तक शक्य तेथे ठेवावे, अशी शिफारस येथे केली आहे.

पुढील प्रकरणे कालक्रमाने लावलेली असली तरी ती त्याच क्रमाने वाचली पाहिजेत असे नाही. ज्यांचा दिवस घरकामात जातो त्यांनी तेरेसा आणि लॉरेन्स यांच्यापासून, नोकरदारांनी इग्नेशियसपासून आणि जे कुटुंबासह प्रार्थना सुरू करू इच्छितात त्यांनी वसईच्या प्रकरणापासून आरंभ करावा. बायबलमधील संदर्भ वाचताना मूळ अध्याय शेजारी उघडा ठेवावा, कारण येथे वचने उद्धृत न करता केवळ त्यांचा आशय दिला आहे. आणि एका बैठकीत एकाहून अधिक प्रकरण वाचू नये.